गालापागोस : ज्वालामुखी-बेटांवरील संयमाचे पर्यटन

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील इक्वेडोर या देशापासून सुमारे एक हजार किलोमीटर अंतरावर, प्रशांत महासागरात ऐन विषुववृत्तावर गालापागोस हा बेटांचा समूह आहे. तेरा मोठी बेटे, काही लहान बेटे आणि शंभराहून अधिक खडक असा त्याचा विस्तार असून एकूण भूक्षेत्र सुमारे आठ हजार चौरस किलोमीटर भरते. या क्षेत्रापैकी ९७ टक्के भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला आहे. उरलेल्या तीन टक्क्यांत गावे, शेती, बंदरे व विमानतळ सामावले आहेत.

जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक या बेटांवर येतात ते तेथील वन्य प्राणी जवळून पाहण्यासाठी. माणसाला पाहून न पळणारे पक्षी, समुद्रात बुड्या मारून चरणारे सरडे आणि शंभर वर्षांहून अधिक जगणारी महाकाय कासवे ही या बेटांची ख्याती आहे. हे सर्व पाहण्याचे जुने व प्रमुख साधन म्हणजे जहाज होय. प्रवासी जहाजावरच राहतात, जहाजावरच जेवतात व झोपतात आणि दिवसातून काही तास बेटांवर उतरून परत जहाजावर येतात. त्यामुळे निर्जन बेटांवर एकही खोली बांधावी लागत नाही. तथापि याच जहाजामुळे एक नवा धोकाही उत्पन्न होतो. समुद्राने लक्षावधी वर्षे एकमेकांपासून वेगळी ठेवलेली बेटे जहाज एका रात्रीत जोडून टाकते. हा लाभ आणि हा धोका यांचा मेळ घालण्यासाठी तेथे गेल्या अर्धशतकात जी व्यवस्था उभी राहिली, तिचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे.

लाव्हारसातून उभी राहिलेली भूमी

गालापागोस बेटे खंडापासून तुटून निघालेली नाहीत. समुद्रतळाखाली खोलवर एका ठिकाणी अतिशय तप्त द्रव्य सतत वर येत असते. त्या ठिकाणी ज्वालामुखी निर्माण होतो, त्याचे थरांवर थर साचतात आणि कालांतराने तो समुद्राच्या पृष्ठभागावर डोके काढतो. वरचे भूकवच मात्र पूर्वेकडे सरकत राहते. त्यामुळे तयार झालेले बेट हळूहळू उष्ण स्थानापासून दूर जाते आणि त्याच्या मागे नवे बेट जन्म घेते. याचा परिणाम असा की, समूहातील पूर्वेकडील एस्पान्योला व सान क्रिस्तोबाल ही बेटे तीस ते चाळीस लाख वर्षांची आहेत, तर पश्चिमेकडील इसाबेला व फर्नांदिना दहा लाख वर्षांहूनही लहान आहेत. पश्चिमेकडील ज्वालामुखी अद्याप जागृत असून फर्नांदिनावर मार्च २०२४ मध्ये उद्रेक झाला.

महाराष्ट्रातील वाचकांना हा पाषाण अपरिचित नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाच्या थरांनी दख्खनचे पठार आणि सह्याद्रीचे कडे घडविले, तोही अशाच काळ्या बेसॉल्ट जातीचा होता. सह्याद्रीत त्यावर माती व अरण्य चढले आहे. फर्नांदिनावर मात्र तो खडक अद्याप उघडा आहे आणि त्याच्या भेगांत लहान निवडुंग नुकतेच मूळ धरीत असलेले दिसतात.

बेटांच्या भोवती निरनिराळ्या तापमानांचे सागरी प्रवाह एकत्र येतात. दक्षिणेकडून हंबोल्ट हा थंड प्रवाह येतो. पश्चिमेकडून समुद्राच्या पोटातून येणारा क्रॉमवेल प्रवाह इसाबेला व फर्नांदिना यांच्या उतारांवर आदळून वर चढतो आणि तळाची पोषक द्रव्ये पृष्ठभागावर आणतो. या थंड, अन्नसमृद्ध पाण्यामुळेच विषुववृत्तावर पेंग्विन पक्षी राहू शकतो. एल् निन्योच्या वर्षी मात्र उबदार पाणी पसरते, शेवाळ व मासे कमी होतात आणि सर्व जीवसृष्टीवर उपासमारीची पाळी येते. १९८२-८३ च्या एल् निन्योमध्ये येथील पेंग्विनांची संख्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली.

बेटागणिक निराळे जीव

खंडापासून इतक्या दूर जे प्राणी पोहोचले, ते वाऱ्याबरोबर, पंखांच्या बळावर किंवा वाहत आलेल्या लाकडांच्या व वेलींच्या तराफ्यांवरून आले असावेत. सरपटणारे प्राणी उपाशी व तहानलेले दीर्घकाळ तग धरू शकतात, म्हणून ते येथे रुजले. मोठे सस्तन प्राणी मात्र येऊ शकले नाहीत. वाघ, लांडगा, कोल्हा यांसारखा शिकारी प्राणी नसल्याने पळून जाण्याची वृत्तीच येथील प्राण्यांत वाढली नाही. १५३५ साली पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा याचे जहाज वारा पडल्याने वाहत या बेटांना लागले. पक्षी माणसाला पाहून उडून जात नाहीत, ही गोष्ट त्याने तेव्हाच नोंदविली होती.

येथील सागरी सरडा हा समुद्रात अन्न मिळविणारा जगातील एकमेव सरडा होय. तो पाण्याखालील खडकांवरील शेवाळ खातो आणि किनाऱ्यावर येऊन नाकपुड्यांवाटे क्षाराचे फवारे सोडतो. अन्नटंचाईच्या काळात या सरड्याच्या शरीराची लांबीदेखील कमी होते, असे शास्त्रज्ञांना आढळून आले आहे. इसाबेला व फर्नांदिना यांच्या किनाऱ्यांवर उडता न येणारा पाणकावळा राहतो. त्याचे पंख आखूड झाले असून तो पायांच्या बळावर पाण्यात मासे धरतो. एस्पान्योलावर तरंगनक्षीचा आल्बट्रॉस दरवर्षी घरटी करतो. निळ्या पायांचा बूबी पक्षी तर पाऊलवाटेच्या अगदी कडेला अंडी घालतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एका बेटावरील जीव दुसऱ्या बेटावरील जीवाहून वेगळा असतो. १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत ‘बीगल’ जहाजावरून आलेला चार्ल्स डार्विन येथे सुमारे पाच आठवडे होता व चार बेटांवर उतरला. कासव कोणत्या बेटावरचे आहे हे आपण पाहताच सांगू शकतो, असे तेथील प्रभारी अधिकारी निकोलस लॉसन यांनी त्याला सांगितले. मॉकिंगबर्ड नावाच्या पक्ष्यांतही बेटागणिक फरक असल्याचे डार्विनच्या ध्यानात आले. पुढे १८५९ साली त्याने मांडलेल्या उत्क्रांतीच्या सिद्धान्ताला या निरीक्षणांचा मोठा आधार मिळाला.

गालापागोसची खरी संपत्ती ती हीच. बेटे एकमेकांपासून वेगळी राहिली म्हणून हे वैविध्य निर्माण झाले. साहजिकच एका बेटावरील बी, कीटक किंवा उंदीर दुसऱ्या बेटावर पोहोचणे ही तेथे किरकोळ बाब ठरत नाही.

शिकार आणि शेळ्या

मनुष्याचा आरंभीचा व्यवहार लुटीचाच होता. चाचे व देवमाशांची शिकार करणारे खलाशी पाणी व मांस यांसाठी या बेटांवर उतरत. महाकाय कासव अन्नपाण्यावाचून अनेक महिने जिवंत राहते. त्यामुळे जहाजाच्या तळघरात कासवे एकावर एक रचून नेली जात आणि ताजे मांस म्हणून वापरली जात. अशा रीतीने एक ते दोन लाख कासवे नष्ट झाली असावीत, असा अंदाज आहे. १८३२ साली इक्वेडोरने बेटे आपल्या राज्यात सामील करून घेतली. त्यानंतर वसाहती झाल्या आणि त्यांच्याबरोबर गुरे, डुकरे, गाढवे, कुत्री व मांजरे आली.

शेळीने केलेली हानी सर्वांत ठळक आहे. १९५९ साली मच्छीमारांनी पिंटा या निर्जन बेटावर तीन शेळ्या सोडल्या. पुढे मांसाची सोय व्हावी, एवढाच त्यामागील हेतू होता. बारा-पंधरा वर्षांत त्यांची संख्या हजारोंवर गेली आणि बेटावरील झाडोरा फस्त झाला. याच पिंटा बेटावर १९७१ साली एकच नर कासव आढळले. त्याच्या जातीची मादी शेवटपर्यंत सापडली नाही. ‘एकाकी जॉर्ज’ या नावाने जगभर परिचित झालेले ते कासव २४ जून २०१२ रोजी मरण पावले आणि पिंटाच्या कासवांचा वंश संपला.

राष्ट्रीय उद्यान आणि जहाजांचा आरंभ

डार्विनच्या ग्रंथाच्या शताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९५९ साली, इक्वेडोर सरकारने बेटांचा निर्जन भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित केला. त्याच वर्षी चार्ल्स डार्विन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९६४ मध्ये सांता क्रूझ बेटावरील प्वेर्तो आयोरा येथे त्याचे संशोधन केंद्र सुरू झाले. उद्यानाचे प्रत्यक्ष प्रशासन १९६८ पासून उभे राहिले. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी प्रसिद्ध केली, तीत गालापागोसचा समावेश होता.

संघटित पर्यटनाचा आरंभही याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाला. त्या वेळी प्रवाशांना उतरविण्याजोगी सोय बेटांवर नव्हती. गोडे पाणी दुर्मीळ, वस्ती तुरळक आणि पाहण्याची स्थळे एकमेकांपासून दूर, अशा परिस्थितीत जहाज हेच फिरते निवासस्थान ठरले. सोयीतून निघालेली ही पद्धत संरक्षणाच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे, हे उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी लवकरच ओळखले. निवास जहाजावर असला की बेटावर रस्ता, विहीर, विजेची तार, कचऱ्याचा ढीग यांपैकी काहीच लागत नाही. शिवाय जहाज केव्हा, कोठे व किती माणसे घेऊन जाईल हे परवान्याद्वारे ठरविता येते.

सहलीचा एक दिवस

या सहली बहुधा चार ते आठ दिवसांच्या असतात. जहाज रात्री एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे जाते व पहाटे नांगर टाकते. प्रवासी छोट्या रबरी बोटींतून किनाऱ्यावर नेले जातात. काही ठिकाणी खडकावर पाय ठेवून कोरडे उतरता येते, तर काही ठिकाणी गुडघाभर पाण्यातून चालत वाळूवर यावे लागते. निघण्यापूर्वी मार्गदर्शक सर्वांना नियम समजावून सांगतो.

प्रवाशाने आखलेली पाऊलवाट सोडावयाची नाही. वाटेच्या कडेला काळ्या-पांढऱ्या रंगाचे लहान खांब रोवलेले असतात. त्यांच्या पलीकडे पाऊल टाकण्यास मनाई आहे. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखावे लागते. एखादा समुद्रसिंह आपण होऊन जवळ आला, तर माणसानेच मागे सरकावयाचे असते. प्राण्यांना स्पर्श करणे, खाऊ घालणे व छायाचित्रासाठी झगझगीत दिवा वापरणे निषिद्ध आहे. पाण्याखेरीज कोणताही खाद्यपदार्थ बेटावर नेता येत नाही, आणि शंख, पीस किंवा लाव्ह्याचा खडा परत आणता येत नाही. सूर्यास्ताच्या सुमारास, सायंकाळी सहापर्यंत सर्वांना जहाजावर परतावे लागते.

एका मार्गदर्शकाबरोबर सोळांहून अधिक प्रवासी असू नयेत, असा नियम आहे. मार्गदर्शकाला उद्यानाकडून प्रशिक्षण व परवाना घ्यावा लागतो. तो जहाजमालकाचे वेतन घेत असला, तरी बेटावर तो उद्यानाच्या वतीने नियमांची अंमलबजावणी करतो. नियमभंग झाल्यास त्याची नोंद करणे हे त्याचे कर्तव्य होय. बेटांची संख्या, त्यांचा विस्तार आणि उद्यान-रक्षकांची मर्यादित संख्या लक्षात घेता, प्रत्येक गटाबरोबर एक जबाबदार मनुष्य असणे हाच या व्यवस्थेचा कणा आहे.

जहाजांच्या बाबतीतही मर्यादा आहेत. कोणत्याही जहाजावर शंभराहून अधिक प्रवासी घेता येत नाहीत. लोकप्रिय जहाजांपैकी पुष्कळ जहाजांवर तर सोळाच प्रवाशांची सोय असते. जहाजांचे परवाने आणि त्यांतील एकूण जागा ठरलेल्या असून त्या मनास येईल तशा वाढविता येत नाहीत. उतरण्यासाठी खुली केलेली जमिनीवरील व सागरी स्थळे मिळून शंभराहून अधिक आहेत. कोणत्या जहाजाने कोणत्या दिवशी कोठे जावे हे उद्यानाचे प्रशासन ठरविते. २०१२ पासून एका जहाजाला त्याच स्थळी चौदा दिवसांच्या आत पुन्हा जाता येत नाही. त्यापूर्वी जहाजे आठवड्याच्या फेऱ्या करीत व मोजक्या प्रसिद्ध स्थळांवर गर्दी होई. नव्या नियमामुळे प्रवासी अधिक स्थळांवर विभागले गेले आणि प्रत्येक जागेला विसावा मिळू लागला.

जहाजापासून होणारे धोके

नियम कितीही काटेकोर असले, तरी जहाज इंधनावर चालते आणि इंधन समुद्रमार्गेच आणावे लागते. १६ जानेवारी २००१ रोजी ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबाल बंदराच्या तोंडाशी खडकाळ उथळ भागात रुतले. त्यात बेटांवरील साठ्यासाठी डिझेल आणि एका पर्यटक-जहाजासाठी जड तेल होते. सहा लाख लिटरांहून अधिक इंधन समुद्रात सांडले. सुदैवाने वारा व प्रवाह यांनी बहुतेक तवंग खुल्या समुद्राकडे वाहून नेला. तत्काळ मेलेले प्राणी थोडेच आढळल्याने मोठे संकट टळले, असे सर्वांना वाटले.

परंतु पुढील वर्षभरात सांता फे बेटावरील सागरी सरड्यांपैकी ६२ टक्के सरडे मरण पावले, असे शास्त्रज्ञांच्या मोजणीत दिसून आले. पाण्यात उरलेल्या अत्यल्प तेलामुळे, शेवाळ पचविण्यास मदत करणारे त्यांच्या पोटातील सूक्ष्मजंतू नष्ट झाले असावेत, असा त्यांचा तर्क आहे. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही, हा धडा या अपघाताने दिला.

दुसरा धोका याहून लहान, पण नित्याचा आहे. रात्री जहाजाच्या दिव्यांकडे पतंग व इतर कीटक झेपावतात आणि सकाळी दुसऱ्याच बेटाजवळ उडून जातात. बुटांच्या तळव्यांना चिकटलेली बी, भाजीच्या पेटीतील अळी, जहाजाच्या तळाला धरलेले समुद्री जीव ही सर्व आक्रमणाचीच साधने होत. फिलॉर्निस नावाची एक परदेशी माशी पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालते व तिच्या अळ्या पिलांचे रक्त शोषतात. डार्विनचे नाव लाभलेल्या फिंच पक्ष्यांचे तिच्यामुळे अतोनात नुकसान झाले आहे. वनस्पतींमध्ये पेरू आणि एक काटेरी रासबेरी या फार उपद्रवी ठरल्या आहेत. ही रासबेरी मूळची भारतासह आशियाच्या डोंगराळ प्रदेशातील असून म्हैसूरच्या नावाने ओळखली जाते. आपल्या भूमीवर निरुपद्रवी असलेले झुडूप दुसऱ्याच्या भूमीवर अरण्य गिळू शकते, याचे हे उदाहरण होय.

या कारणास्तव मुख्यभूमीवरील विमानतळांवर प्रवाशांचे सामान तपासले जाते, फळे व बियाणे यांवर निर्बंध आहेत, विमाने व जहाजे यांत कीटकनाशक फवारले जाते आणि बाहेरून येणाऱ्या जहाजांच्या तळांची पाहणी होते. बेटावरून परतताना पाय व पादत्राणे धुण्याची पद्धतही याच हेतूने पाळली जाते.

बेटांवरील जनता

संरक्षणाचा प्रश्न केवळ प्राण्यांचा राहिला नाही, याचे कारण बेटांवर माणसेही राहतात. सांता क्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला व फ्लोरेआना या चार बेटांवर वस्ती आहे. १९५० मध्ये ही लोकसंख्या सुमारे तेराशे होती. २०१५ च्या जनगणनेत ती २५ हजारांवर गेली. पर्यटनामुळे रोजगार मिळतो, म्हणून मुख्यभूमीवरील लोक येत राहिले. नव्या वस्तीला पाणी, वीज, शाळा, दवाखाना लागतो आणि प्रत्येक वस्तू जहाजाने किंवा विमानाने आणावी लागते.

आरंभीच्या काळात जहाजांपासून होणाऱ्या प्राप्तीचा मोठा भाग बेटांबाहेरच राही. दुसरीकडे मासेमारीवर निर्बंध येत होते. समुद्रकाकडी या सागरी जीवाला परदेशात चांगली किंमत मिळत असल्याने १९९० च्या दशकात तिची बेसुमार पकड होऊ लागली. सरकारने ती थांबविली, तेव्हा जानेवारी १९९५ मध्ये संतप्त मच्छीमारांनी उद्यानाचे कार्यालय व संशोधन केंद्र यांना वेढा दिला. ज्यांच्या दारात हा ठेवा आहे त्यांनाच त्यात वाटा नसेल, तर कोणताही नियम टिकणार नाही, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली.

त्यानंतर १९९८ साली गालापागोससाठी विशेष कायदा करण्यात आला. त्याच्या तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे बेटांभोवती सुमारे १ लाख ३३ हजार चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य स्थापन झाले. तेथे मोठ्या व्यापारी मासेमारीस बंदी घालून स्थानिक लहान मच्छीमारांचा हक्क राखण्यात आला. दुसरी म्हणजे देशाच्याच नागरिकांनाही बेटांवर कायम वास्तव्य करण्यास मर्यादा घातली गेली. तिसरी म्हणजे प्रवाशांकडून घेण्यात येणाऱ्या प्रवेश-शुल्काची वाटणी कायद्यानेच ठरविली गेली. त्यानुसार ४० टक्के रक्कम राष्ट्रीय उद्यानास, २० टक्के बेटांवरील नगरपालिकांस व १० टक्के प्रांतिक परिषदेस देण्यात आली. उरलेला भाग सागरी अभयारण्य, तपासणी यंत्रणा, नौदल इत्यादींसाठी राखण्यात आला. प्रवाशाने भरलेला पैसा दूरच्या तिजोरीत नाहीसा न होता गावाच्या पाणीपुरवठ्यापर्यंत व उद्यानाच्या पहाऱ्यापर्यंत पोहोचावा, हा यामागील उद्देश होता. २०१५ मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. तथापि निवासावरील नियंत्रण व शुल्काचा स्थानिक विनियोग ही तत्त्वे कायम आहेत.

वाढत्या संख्येचा प्रश्न

जहाजांच्या जागा मर्यादित असल्या, तरी प्रवाशांची संख्या मात्र वाढतच गेली. १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे बारा हजार प्रवासी योग्य मानले जात. २०१८ साली २ लाख ७५ हजारांहून अधिक प्रवासी आले आणि २०२३ मध्ये ही संख्या सुमारे ३ लाख ३० हजारांपर्यंत गेली. वाढ मुख्यतः जमिनीवरील पर्यटनात झाली. विमानाने यायचे, गावातील हॉटेलात उतरायचे आणि वेगवान बोटींनी दिवसभराच्या सहली करायच्या, ही पद्धत स्वस्त पडते. आता निम्म्याहून बरेच अधिक प्रवासी असेच येतात.

या पद्धतीचा दुसरा पैलूही लक्षात घेतला पाहिजे. जहाजावरील सहल महाग असते व तिचा लाभ मोजक्या कंपन्यांना होतो. हॉटेल, खानावळ, लहान बोट यांचे उत्पन्न मात्र गावातील कुटुंबांच्या हाती पडते. त्यामुळे जमिनीवरील पर्यटन बंद करा, असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य ठरत नाही. परंतु त्याबरोबर बांधकाम, सांडपाणी, मालवाहतूक आणि परक्या जीवांचा शिरकाव वाढतो, हेही तितकेच खरे. वाढते पर्यटन, स्थलांतर व परके जीव या कारणांनीच २००७ साली युनेस्कोने गालापागोसची नोंद धोक्यातील वारसास्थळांत केली होती. उपाययोजना पाहून २०१० मध्ये ती नोंद काढण्यात आली.

२०२० मध्ये महासाथीमुळे प्रवासी येणे थांबले, तेव्हा एकाच व्यवसायावर विसंबून राहण्यातील धोकाही बेटवासीयांनी अनुभवला. १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढ प्रवाशांचे प्रवेश-शुल्क १०० डॉलरवरून २०० डॉलर करण्यात आले. अनेक वर्षांनंतर झालेल्या या वाढीने गर्दीला किती आळा बसेल, हे काळच ठरवील.

पुनरुज्जीवनाची फलश्रुती

या शुल्काचा व बाहेरून मिळालेल्या साहाय्याचा उपयोग कसा झाला, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. एस्पान्योला बेटावर १९६० च्या दशकात कासवांची संख्या अवघ्या चौदांवर आली होती. त्यांत बारा माद्या व दोन नर होते. ही सर्व कासवे सांता क्रूझ येथील प्रजनन केंद्रात आणण्यात आली. अमेरिकेतील सान दिएगो प्राणिसंग्रहालयात त्याच जातीचा ‘दिएगो’ नावाचा एक नर होता, तोही १९७० च्या दशकात परत मिळविण्यात आला. पिले काही वर्षांची होईपर्यंत केंद्रात सांभाळून बेटावर सोडण्याचे काम चार दशकांहून अधिक काळ चालले. सुमारे दोन हजार कासवे अशा रीतीने स्वगृही गेली आणि तेथे आपण होऊन प्रजोत्पादन करू लागली. जून २०२० मध्ये दिएगोसह मूळची वृद्ध कासवेही आपल्या बेटावर परतली.

दुसरे उदाहरण शेळ्यांचे. १९९७ ते २००६ या काळात इसाबेलाचा उत्तर भाग, सांतियागो आणि पिंटा येथून दीड लाखाहून अधिक शेळ्या हटविण्यात आल्या. दडून बसलेल्या अखेरच्या शेळ्या शोधणे सर्वांत कठीण होते. त्यासाठी काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांना मोकळे सोडण्यात आले. शेळी कळपाशिवाय राहत नाही. त्यामुळे त्या शेळ्या आपण होऊन उरलेल्या शेळ्यांपर्यंत शोधपथकाला घेऊन गेल्या. शेळ्या गेल्यानंतर झाडोरा पुन्हा वाढीस लागला. तीन शेळ्या सोडण्यास एका बोटीला काही मिनिटे पुरली होती. ती चूक निस्तरण्यास कित्येक वर्षे, हेलिकॉप्टरे आणि लक्षावधी डॉलर लागले.

गालापागोसच्या अनुभवातून कोणताही तयार नमुना उचलता येणार नाही. प्रत्येक भूमीचे व जनतेचे प्रश्न वेगळे असतात. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. तेथील प्रत्येक नियम, मग तो सोळा जणांच्या गटाचा असो, चौदा दिवसांच्या विसाव्याचा असो किंवा दोन मीटर अंतराचा असो, कोणाच्या तरी तत्काळ लाभावर मर्यादा घालतो. ही मर्यादा जहाजमालक, मार्गदर्शक, प्रवासी व गावकरी अशा सर्वांवर सारखी पडते, तोपर्यंतच ती पाळली जाते.

या व्यवस्थेचे यश मोजण्याचे माप प्रवाशांच्या संख्येत शोधण्याची गरज नाही. फर्नांदिनाच्या लाव्हाकिनाऱ्यावर प्रवासी-जहाजे गेली पन्नासहून अधिक वर्षे येत आहेत. पुंता एस्पिनोसा या एकाच ठिकाणी प्रवासी उतरतात, आखलेल्या वाटेने सागरी सरड्यांच्या थव्यांजवळून जातात आणि परततात. एवढी वर्षे एवढी माणसे येऊनही, बाहेरून आलेला एकही सस्तन प्राणी त्या बेटावर अद्याप स्थायिक झालेला नाही.